यंत्र चालू, दुभाषी निवृत्त

दिवाळीला दोन आठवडे राहिले की गोव्यातल्या मुळगावच्या वाड्यावाड्यांवर नरकासुराची तयारी सुरू होते. बांबू, गवत, जुने कागद, गोंद आणि रात्रभर जागणारी मुलं. यंदा आमच्या वाड्यावरच्या मुलांनी ठरवलं की आधी संगणकावर नरकासुराचा त्रिमिती आराखडा करायचा. मान किती वळवायची, हात किती लांब घ्यायचे, कमरेवर भार कसा येईल, हे सगळं पडद्यावर पाहूनच बांबू तोडायचा. त्यासाठी ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. माझा भाचा आमच्याकडे आला, 2013 साली घेतलेल्या डेस्कटॉपवर त्याने ब्लेंडरची नवी आवृत्ती उतरवून घेतली आणि ती उघडली. पडद्यावर एक छोटी चौकट आली. तिचा अर्थ असा होता की या संगणकाचं ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर चालणार नाही, ओपनजीएल 4.3 किंवा त्याच्या पुढचं लागेल.

"मामा, कॉम्प्युटर बिघडला," तो म्हणाला.

संगणक बिघडला नव्हता. त्याच यंत्रावर मी रोज लिहितो, वीजबिल भरतो, सातबाराच्या जागी आमच्याकडे असलेला एक-चौदाचा उतारा पाहतो. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही खुली प्रणाली आहे आणि ती नियमित अद्ययावत होते. आतली इंटेलची तिसऱ्या पिढीची ग्राफिक्स चिप लिनक्सवर ओपनजीएल 4.2 पर्यंत पोचते. ब्लेंडरला 4.3 हवं होतं. एवढ्याशा फरकासाठी दार बंद झालं.

हे दार कोण बंद करतं, का करतं आणि ते खरंच कायमचं बंद होतं का, हे समजून घेणं आज प्रत्येक घराच्या आणि प्रत्येक शाळेच्या उपयोगाचं आहे. कारण कितीतरी चालते संगणक अशाच एखाद्या चौकटीमुळे निकालात निघतात.

पडद्यामागची मेहनत

आपल्या नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके असतात. गुणाकार केला तर 20,73,600. पडदा सेकंदाला 60 वेळा नव्याने रंगतो, म्हणजे दर सेकंदाला 12 कोटी 44 लाख 16 हजार ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. मुख्य प्रोसेसर हुशार असतो, पण त्याचे हात थोडे. ग्राफिक्स चिपमध्ये साध्या हिशेबाचे शेकडो हात एकाच वेळी चालतात. म्हणून हे काम तिच्याकडे सोपवलेलं असतं.

सुरुवातीच्या चिपा ठरावीक कामंच करत. त्रिकोण काढ, त्यावर चित्र चिकटव, इतका उजेड टाक. छापाच्या रांगोळीसारखं. डब्यात जेवढे छाप, तेवढीच नक्षी. 2001 साली एनव्हिडियाच्या जीफोर्स 3 पासून घरगुती कार्डांत वेगळी सोय आली. प्रत्येक ठिपका कसा रंगवायचा याचा छोटा प्रोग्रॅम सॉफ्टवेअर लिहिणाराच चिपेला देऊ लागला. अशा प्रोग्रॅमला शेडर म्हणतात. छाप गेले आणि मोकळ्या हाताची रांगोळी आली. ओपनजीएलमध्ये हे शेडर 2004 साली, 2.0 आवृत्तीबरोबर अधिकृत झाले. त्यानंतर दर दोन-चार वर्षांनी शेडरांची ताकद वाढत गेली. 2012 मध्ये आलेल्या 4.3 आवृत्तीने कंप्यूट शेडर आणले, म्हणजे चित्राव्यतिरिक्त इतर आकडेमोडही चिपेकडून करून घेण्याची सोय. भाच्याच्या ब्लेंडरने मागितला तो हाच टप्पा.

पोर्तुगीज कागद आणि ड्रायव्हर

ओपनजीएल ही एक ठरलेली भाषा आहे. 1992 साली अमेरिकेतल्या सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने ती आणली. विंडोजची डायरेक्टएक्स ही दुसरी भाषा आणि 2016 साली आलेली व्हल्कन ही तिसरी. सॉफ्टवेअर यांपैकी एखाद्या भाषेत बोलतं. पण चिपेला यातली एकही भाषा येत नाही. तिची स्वतःची बोली असते आणि ती दर पिढीला बदलते. दोघांच्या मध्ये बसून भाषांतर करणारा जो प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर.

गोव्यातल्या वाचकाला हे समजवायला मला आजोबांची ट्रंक आठवते. तिच्यात आमच्या भाटाचे पोर्तुगीज काळातले कागद आहेत. 1961 साली पोर्तुगीज गेल्यानंतरही ते कागद खरेच राहिले. शिक्का, सही, चतुःसीमा, सगळं जागच्या जागी. पण घरात पोर्तुगीज वाचणारं कोणी उरलं नाही. काही काम निघालं की वडील ते कागद घेऊन म्हापशाला एका वृद्ध वकिलांकडे जात आणि ते वाचून अर्थ सांगत. ते गेले आणि कागद मुके झाले. कागदात काहीच बिघडलं नव्हतं, वाचणारा तेवढा राहिला नव्हता.

ग्राफिक्स चिपेचं बहुतेक वेळा असंच होतं. चिप जळून मरते ती क्वचित. बाकी वेळा तिचा दुभाषी निवृत्त होतो, किंवा समोरचा माणूस दुभाष्याला न येणारी नवी भाषा बोलू लागतो. "सपोर्ट संपला" या दोन शब्दांत या दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या काढल्या की अर्धा उपाय सापडतो.

सॉफ्टवेअर पुढे जातं तेव्हा

आधी दुसरी गोष्ट पाहू. ब्लेंडरच्या 2.80 आवृत्तीने 2019 साली किमान अट ओपनजीएल 3.3 वर नेली. नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या 4.0 आवृत्तीने विंडोज आणि लिनक्सवर ती 4.3 केली. दोन्ही वेळा ज्या यंत्रांवर आदल्या दिवशी काम चालू होतं, त्यांवर नवी आवृत्ती उघडेना.

हे केवळ चित्रकारांच्या सॉफ्टवेअरपुरतं नाही. लिनक्सचा गनोम डेस्कटॉप एप्रिल 2011 मध्ये नव्या रूपात आला तेव्हा खिडक्या आणि मेन्यू काढण्यासाठीही त्याला त्रिमिती चिप लागू लागली. दुबळ्या यंत्रांसाठी ठेवलेली साधी पर्यायी पद्धत मार्च 2013 च्या 3.8 आवृत्तीत काढून टाकली गेली. उबुंटूनेही ऑक्टोबर 2012 मध्ये आपला हलका 'युनिटी टूडी' डेस्कटॉप बंद केला.

विंडोजमध्ये याची सर्वांत बोलकी कथा व्हिस्टा या आवृत्तीची. 2006 साली अनेक नव्या संगणकांवर 'व्हिस्टा कॅपेबल' असं लेबल होतं. पण इंटेलच्या 915 चिपसेटमधल्या ग्राफिक्ससाठी व्हिस्टाच्या नव्या रचनेचा ड्रायव्हर नव्हताच. त्यामुळे जानेवारी 2007 मध्ये व्हिस्टा बाजारात आली, तरी तिचं ओळखीचं पारदर्शक रूप या यंत्रांवर दिसत नव्हतं. ग्राहक अमेरिकेत कोर्टात गेले. 2009 साली न्यायालयाने सामूहिक दाव्याचा दर्जा काढून घेतला. पण त्या खटल्यात बाहेर आलेल्या, विंडोज बनवणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत पत्रव्यवहारातून हे दिसलं की लेबलावर काय लिहायचं यावर आतच मतभेद होते. लेबल वाचून विकत घेणाऱ्याला चिपेचा दुभाषी कोण, हे कळायला काही मार्ग नव्हता. आजही तो फारसा नाही.

5 ऑक्टोबर 2021 ला आलेल्या विंडोज 11 ने ग्राफिक्ससाठी डायरेक्टएक्स 12 आणि डब्ल्यूडीडीएम 2.0 प्रकारचा ड्रायव्हर मागितला. सोबत टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसरही. विंडोज 10 चा सर्वसाधारण सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. या दोन तारखांच्या मधल्या फटीत जगभरातले कितीतरी चालते संगणक अडकले.

दुभाषी निवृत्त होतो तेव्हा

आता पहिली गोष्ट. चिप बनवणारी कंपनीच काही वर्षांनी जुन्या पिढीसाठी ड्रायव्हर लिहिणं थांबवते. एएमडीने रेडिऑन एचडी 7000 मालिका आणि तिच्या पुढच्या काही मालिका जून 2021 मध्ये जुन्यांच्या यादीत टाकल्या. एनव्हिडियाची 580 ही ड्रायव्हर शाखा मॅक्सवेल आणि पास्कल या रचनांसाठी शेवटची ठरली. 2016 साली आलेलं आणि खूप खपलेलं जीटीएक्स 1060 याच पास्कल पिढीचं. त्याला खेळांसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर 2025 पर्यंत मिळाले, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळणार आहेत.

इथे विकत घेणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. कार्डाचं वय दुकानातल्या पावतीवरून मोजायचं नसतं, आतल्या रचनेवरून मोजायचं असतं. जीटी 710 हे स्वस्त कार्ड 2016 साली आलं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं नवीन म्हणून विकलं गेलं. आतली केप्लर रचना 2012 ची होती. त्या पिढीचे नियमित ड्रायव्हर 2021 मध्ये थांबले आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या सप्टेंबर 2024 मध्ये. 2020 साली ते खोक्यातून नवंकोरं काढणाऱ्याला नियमित ड्रायव्हरचं जेमतेम एक वर्ष मिळालं.

खुल्या सॉफ्टवेअरच्या जगात दुभाषी जास्त काळ टिकतो. लिनक्सवर हे भाषांतराचं काम मुख्यतः 'मेसा' हा प्रकल्प करतो. ब्रायन पॉल यांनी 1993 मध्ये तो सुरू केला. त्याची कर्तबगारी आकड्यांत दिसते. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या चिपेला विंडोजवर ओपनजीएल 3.1 पर्यंतच येतं, मेसामुळे लिनक्सवर 3.3. आमच्या तिसऱ्या पिढीच्या चिपेला विंडोजवर 4.0, लिनक्सवर 4.2. चिप एकच, पण चांगला दुभाषी भेटला की ती जास्त बोलते. म्हणजे अनेकदा मर्यादा सिलिकॉनची नसते, भाषांतरावर किती मेहनत घेतली गेली याची असते.

खुल्या प्रकल्पांनाही शेवटी आवराआवर करावी लागते. थ्रीडीएफएक्स ही एके काळची बलाढ्य कंपनी. डिसेंबर 2000 मध्ये तिने आपला कारभार एनव्हिडियाला विकायचं ठरवलं. तिच्या व्हूडू कार्डांचा त्रिमिती ड्रायव्हर मेसाने 2012 पर्यंत सांभाळला. लिनक्सच्या गाभ्यातला त्याचा भाग एप्रिल 2023 च्या 6.3 आवृत्तीत काढला गेला. कंपनी गेल्यानंतरही दोन दशकं कोणीतरी ते जपत होतं. त्याच वेळी एसआयएस, व्हीआयए आणि सॅव्हेज चिपांचे तसलेच जुने भागही गेले. आपल्याकडच्या असेम्बल केलेल्या संगणकांत 2000 नंतरच्या काळात यांतल्या पहिल्या दोन नावांच्या चिपा किती होत्या, हे त्या काळी संगणक दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा. 2022 साली मेसाने आणखी काही जुने ड्रायव्हर मुख्य धारेतून बाजूला केले, पण फेकले नाहीत. 'अँबर' नावाच्या वेगळ्या शाखेत ते ठेवले, ज्याला हवं त्याने वापरावं म्हणून. जुनं बंद करायचं तर ते असं, मागे एक दार उघडं ठेवून.

लिहिणाऱ्याची बाजू

सॉफ्टवेअर लिहिणारे हे मुद्दाम करतात, असं समजणं अन्यायाचं होईल. जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धती सांभाळायच्या म्हणजे प्रत्येक चित्र दोन रीतींनी काढायचं, प्रत्येक चूक दोनदा शोधायची. जुन्या पद्धतीवर चाचणी घ्यायला जुनं यंत्र हाताशी लागतं. खुल्या नसलेल्या ज्या ड्रायव्हरला कंपनीनेच सोडलं आहे, त्यातली चूक बाहेरच्या माणसाला दुरुस्त करता येत नाही. त्यातून सुरक्षेच्या फटी उघड्या राहतात, त्या वेगळ्याच. ब्लेंडरसारखा प्रकल्प देणग्यांवर चालतो. मोजके लोक आणि मोजका वेळ, तो कुठे घालायचा हे त्यांना ठरवावंच लागतं.

तरीही बंद करण्याची रीत महत्त्वाची असते. आधी सांगणं, जुनी आवृत्ती उपलब्ध ठेवणं, चिपेशिवाय चालणारा मार्ग शिल्लक ठेवणं, या तीन गोष्टी जे करतात त्यांनी आपलं कर्तव्य केलं असं मी म्हणतो. ब्लेंडरने 3.6 ही दीर्घ मुदतीची आवृत्ती जून 2023 मध्ये दिली, तिला दोन वर्षं दुरुस्त्या मिळाल्या आणि तिची अट 3.3 च राहिली. मुलांसाठीचं जीकॉम्प्री हे शैक्षणिक सॉफ्टवेअर नव्या रचनेवर गेलं तेव्हा त्याला ओपनजीएल लागू लागलं, पण त्यांनी चिपेशिवाय चालणारा पर्यायही दिला. टक्स पेंट हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर 2002 पासून आहे आणि त्याला त्रिमिती चिपेची गरजच नाही. ते मराठीत आहे, आणि कोकणीत तर देवनागरी आणि रोमी अशा दोन्ही लिप्यांत आहे. एखाद्या पडक्या संगणकावरही ते छान चालतं.

गोव्याचा अनुभव

गोव्याला जुन्या संगणकांचं मोल शिकवण्याची गरज नाही. परदेशात गेलेल्या गोंयकारांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट'ने परदेशात वापरून झालेले संगणक इथल्या शाळांना मिळवून दिले आणि त्यांवर लिनक्स बसवलं. याच शतकाच्या सुरुवातीला, मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना, सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक पोचले. दिचोली आणि पेडण्यासारख्या तालुक्यांतल्या कित्येक घरांत पहिला संगणक आला तो त्या वाटेने. 2021 पासून शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्यासाठी राज्याची 'केअर्स' योजना आहे.

या तिसऱ्या टप्प्यावर ग्राफिक्सचा प्रश्न थेट शाळेत येतो. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी जगभर स्क्रॅच वापरतात. त्याची 3.0 आवृत्ती 2 जानेवारी 2019 ला आली आणि ती वेबजीएल मागते, म्हणजे ब्राउझरमधून चिपेशी बोलण्याची सोय. जुन्या आणि अविश्वासू ड्रायव्हरांची यादी ब्राउझर स्वतःच बाळगतात आणि त्या यादीत नाव असलं की वेबजीएल बंद ठेवतात. अशा वेळी प्रयोगशाळेतला संगणक उघडतो, ब्राउझर उघडतो, पण स्क्रॅच चालत नाही. मग शिक्षकांच्या तोंडीही भाच्याचंच वाक्य येतं: कॉम्प्युटर बिघडला.

आमच्या भागात 2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हा घरोघरी टिपर ट्रक उभे राहिले. इंजिन ठणठणीत, टायर चांगले, आणि काम नाही. त्या ट्रकांवर वर्षानुवर्षं चढलेला गंज ज्यांनी पाहिला आहे, त्यांना चालतं यंत्र उभं राहण्याचं दुःख समजावून सांगावं लागत नाही. फरक इतकाच की संगणकाच्या बाबतीत पुढचा रस्ता पुष्कळदा आपल्याच हातात असतो.

मग करायचं काय

पहिलं काम म्हणजे चौकट नीट वाचणं. तिच्यात कोणती भाषा आणि कोणती आवृत्ती मागितली आहे ते टिपून घ्या. मग आपल्या चिपेचं नाव आणि तिला काय येतं ते पाहा. विंडोजमध्ये शोधपट्टीत 'डीएक्सडायग' (dxdiag) लिहिलं की चिपेचं नाव आणि तिला डायरेक्टएक्स किती येतं ते कळतं. लिनक्समध्ये सेटिंगमधल्या 'सिस्टिमबद्दल' या पानावर चिपेचं नाव असतं.

दुसरं, ड्रायव्हर अद्ययावत करून पाहा. संगणक घेतल्यापासून ड्रायव्हर बदललाच नाही, अशी यंत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. विंडोजवर दुभाषी उरलाच नसेल तर लिनक्स बसवून पाहा. मेसाकडे तो असण्याची शक्यता मोठी आहे. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप जुन्या यंत्रावर सुखाने चालतात.

तिसरं, सॉफ्टवेअरची आधीची दीर्घ मुदतीची आवृत्ती शोधा, पण ती त्यांच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. आणि चिपेशिवाय चालणारा पर्याय आहे का पाहा. लिनक्सवरचा 'एलएलव्हीएमपाइप' मुख्य प्रोसेसरकडूनच चित्रं काढून घेतो. वेग कमी होतो, पण काम होतं. जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसतील तर अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार मात्र करू नका.

यातलं काहीच जमलं नाही तर एखादं कार्ड बदलणं नवा संगणक घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. फक्त त्याची रचना कोणत्या वर्षाची आणि ड्रायव्हर कधीपर्यंत, हे आधी पाहा. आणि यंत्र खरंच टाकायची वेळ आलीच तर ते भंगारवाल्याच्या गाडीवर चढवू नका. जुन्या बोर्डांत शिसं असू शकतं. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हव्यात.

आमच्याकडे तिसरा उपाय लागू पडला. ब्लेंडर 3.6 उतरवून घेतलं आणि 2013 च्या त्याच संगणकावर नरकासुर उभा राहिला. मान डावीकडे झुकवली की तोल जातो, हे मुलांना बांबू तोडण्याआधीच कळलं.

माझी विनंती शाळांच्या व्यवस्थापनाला आणि पालक-शिक्षक संघांना आहे. संगणक विकत घेताना कोटेशनमध्ये रॅम आणि हार्ड डिस्कच्या खाली आणखी एक ओळ लिहून मागा: ग्राफिक्स चिपेची रचना कोणत्या वर्षाची, आणि तिच्या ड्रायव्हरला सपोर्ट कधीपर्यंत. आणि जुना संगणक निकालात काढायच्या यादीत घालण्यापूर्वी त्याच्यावर एकदा लिनक्स लावून पाहा. यंत्र चालू असेल तर त्याच्यासाठी एक दुभाषी शोधणं हे आपलं काम आहे.